इंधन नळी व तिचे जोड

वाहनाच्या टाकीतील इंधन एंजिनापर्यंत नेणाऱ्या आणि जास्तीचे इंधन टाकीकडे परत आणणाऱ्या नळ्यांच्या संचाला इंधन नळी म्हणतात. टाकी, गाळणी, पंप, कार्ब्युरेटर अथवा अंतःक्षेपक (इंधनाचा फवारा सोडणारे साधन) या भागांना ही नळी जेथे मिळते, तेथे ती आटेदार नटाने, पोकळ बोल्टाने, पट्ट्याने आवळलेल्या रबरी तुकड्याने किंवा आटे नसलेल्या खटक्याच्या जोडाने धरून ठेवलेली असते. झीज, गंज, कंप किंवा अपघात यांमुळे नळी बदलावी लागते, तेव्हा नव्या नळीचा जोड जुन्या भागाशी तीन बाबतींत जुळावा लागतो : (१) आट्यांचा व्यास, अंतर व आकार, (२) गळती रोखणाऱ्या पृष्ठाचा आकार, (३) नळीचे माप, द्रव्य व दाब सहन करण्याची क्षमता. यांपैकी पहिली बाब डोळ्यांना दिसते, म्हणून बहुधा तेवढीच पाहिली जाते. आटे जुळूनही जोड गळू शकतो आणि आटे न जुळताही नट दोन-तीन फेरे फिरू शकतो. इंधन नळीच्या बाबतीतील बहुतेक चुका या दोन गोष्टींतून उद्‌भवतात.

इंधन नळीतील दाब : नळीच्या निरनिराळ्या भागांतील दाब अगदी भिन्न असतो. कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल एंजिनात यांत्रिक पंपापुढील दाब सु. ०.२ ते ०.४ बार असतो (१ बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाएवढा दाब). पेट्रोल अंतःक्षेपणाच्या नेहमीच्या पद्धतीत तो सु. ३ ते ४ बार असतो. डीझेल एंजिनात टाकीपासून भरण पंपापर्यंतच्या भागात दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी असतो, कारण तेथे इंधन शोषून घेतले जाते. भरण पंपापासून अंतःक्षेपण पंपापर्यंत तो थोडा असतो व अंतःक्षेपण पंपापुढे एकदम काही शे बारपर्यंत चढतो. सामाईक नळी पद्धतीच्या अलीकडील डीझेल एंजिनांत तो १,००० ते २,००० बार किंवा त्याहूनही अधिक असतो. त्यामुळे एकाच वाहनातील एका ठिकाणी योग्य असलेला जोड दुसऱ्या ठिकाणी धोक्याचा ठरतो.

आटे : दंडगोलावर सर्पिल मार्गाने कोरलेल्या खाचेमुळे आटा तयार होतो. आट्याच्या शेजारशेजारच्या दोन माथ्यांमधील अंतरास अंतराल म्हणतात. मेट्रिक पद्धतीत ते मिलिमीटरात सांगतात, उदा., ‘एम १४ × १.५’ म्हणजे १४ मिमी. बाह्य व्यास व १.५ मिमी. अंतराल असलेला आटा. इंच पद्धतीत अंतरालाऐवजी एका इंचात किती आटे बसतात ते सांगतात. आट्याच्या दोन बाजूंमधील कोन हे तिसरे लक्षण होय. व्यास व अंतराल सारखे असूनही कोन वेगळा असला, तर आट्यांच्या बाजू एकमेकींवर पूर्ण टेकत नाहीत व भार अरुंद रेषेवर येतो.

आटे समांतर किंवा निमुळते असतात. समांतर आट्याचा व्यास सर्वत्र सारखा असतो. निमुळत्या आट्याचा व्यास १६ एकक लांबीत १ एककाने कमी होतो. तो जसजसा आत जातो तसतसा पाचरीप्रमाणे घट्ट बसतो आणि गळती रोखण्याचे काम आटाच करतो. समांतर आटा मात्र केवळ दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. गळती रोखण्याचे काम दुसरे पृष्ठ करते. हा भेद न कळल्यामुळे समांतर आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळण्याची चुकीची प्रथा पडलेली आढळते. अशा फितीने गळती थांबत नाही. उलट तिचे तंतू इंधनाबरोबर वाहत जाऊन अंतःक्षेपकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाचा, माथा व तळ गोलसर असलेला आटा सुचविला व तो ब्रिटनमध्ये रूढ झाला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फिया येथे ६०° कोनाचा आटा मांडला. यूरोपात मिलिमीटरावर आधारलेले ६०° कोनाचे आटे प्रचारात आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसत नसल्याने मोठी अडचण झाली. तिच्या अनुभवातून १९४८ मध्ये ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांनी ६०° कोनाचा एकीकृत इंच आटा स्वीकारला. त्याच्या बारीक मालिकेला यूएनएफ असे संक्षिप्त नाव आहे. नळजोडांसाठी मात्र ब्रिटिश पद्धतीचा ५५° कोनाचा बीएसपी आटा व अमेरिकन पद्धतीचा ६०° कोनाचा निमुळता एनपीटी आटा हे दोन्ही टिकून राहिले. या दोन आट्यांची नावे नळाच्या मूळ पोकळीवरून पडली असल्याने ‘पाव इंच’ बीएसपी आट्याचा बाह्य व्यास प्रत्यक्षात १३ मिमी.हून अधिक भरतो. नवख्या कारागिराची फसगत होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

भारतातील स्थिती : भारतात या सर्व परंपरा एकापाठोपाठ एक आल्या व एकमेकींत मिसळल्या. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपगाड्यांची जुळणी सुरू केली; या गाड्यांचे आरेखन अमेरिकन असल्याने त्यांत इंच पद्धतीचे आटे होते. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसडर मोटारगाडी ब्रिटिश परंपरेतली, तर मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट ही मेट्रिक परंपरेतली होती. १९५४ पासून जमशेटपूर येथे जर्मन सहकार्याने तयार होऊ लागलेल्या टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारींनी मेट्रिक आटे रस्तोरस्ती नेले. ट्रॅक्टरांतही असेच घडले : १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या ट्रॅक्टरांचे मूळ आरेखन इंच पद्धतीचे होते, तर एच्‌एम्‌टी कंपनीने १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियातील झेटॉर आरेखनाचे मेट्रिक ट्रॅक्टर बनविले. देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि भारतीय मानकांनी मेट्रिक आटा स्वीकारला; परंतु आधी तयार झालेली आरेखने, त्यांचे साचे व सुटे भाग पुढे अनेक वर्षे चालू राहिले.

मराठवाड्यातील अहमदपूर हे तालुक्याचे ठिकाण या मिश्रणाचे चांगले उदाहरण आहे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानातून बनलेल्या राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो तत्कालीन मुंबई राज्यात व उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात स्कॉटलंडमधील अल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. त्यानंतर या मुलखात जीप, मालमोटारी व ट्रॅक्टर आले. अहमदपूर शहरातून रेल्वेमार्ग जात नाही. लातूर व नांदेड या शहरांच्या साधारण मध्यावर, तुळजापूर-नांदेड-नागपूर राष्ट्रीय महामार्गावर ते वसले आहे. सोयाबीन, तूर, ऊस यांची वाहतूक व शेतीची मशागत सर्वस्वी रस्त्यावरील वाहनांवर व ट्रॅक्टरांवर अवलंबून असते. अशा गावाच्या कार्यशाळेत एकाच दिवशी इंच आट्यांचा जुना ट्रॅक्टर, मेट्रिक आट्यांची मालमोटार आणि अमेरिकन सांगाड्यावर फ्रेंच आरेखनाचे डीझेल एंजिन बसविलेली जीप येऊ शकते. शेवटच्या उदाहरणात टाकीकडील जोड इंचाचा व एंजिनाकडील जोड मेट्रिक असा पालट एकाच नळीच्या दोन टोकांना संभवतो. त्याचप्रमाणे इंच पद्धतीच्या एंजिनावर मागाहून मेट्रिक पंप बसविलेला असू शकतो. म्हणून वाहनाच्या नावावरून आटा ठरविता येत नाही. तो प्रत्येक टोकाला स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

फसवे आटे : इंधन नळीच्या जोडांत नेहमी आढळणारे व एकमेकांशी गल्लत होणारे आटे पुढील कोष्टकात व्यासाच्या चढत्या क्रमाने दिले आहेत. एनपीटी आटा निमुळता असल्याने त्याचा दिलेला व्यास हा संबंधित नळाचा बाह्य व्यास आहे.

| आटा | बाह्य व्यास (मिमी.) | अंतराल (मिमी.) | इंचातील आटे | कोन |
|---|---|---|---|---|
| ३/८ इंच यूएनएफ | ९.५३ | १.०५८ | २४ | ६०° |
| १/८ इंच बीएसपी | ९.७३ | ०.९०७ | २८ | ५५° |
| एम १० × १ | १०.०० | १.००० | – | ६०° |
| १/८ इंच एनपीटी | १०.२९ | ०.९४१ | २७ | ६०° |
| एम १२ × १.५ | १२.०० | १.५०० | – | ६०° |
| १/२ इंच यूएनएफ | १२.७० | १.२७० | २० | ६०° |
| १/४ इंच बीएसपी | १३.१६ | १.३३७ | १९ | ५५° |
| १/४ इंच एनपीटी | १३.७२ | १.४११ | १८ | ६०° |
| एम १४ × १.५ | १४.०० | १.५०० | – | ६०° |
| ९/१६ इंच यूएनएफ | १४.२९ | १.४११ | १८ | ६०° |
| ५/८ इंच यूएनएफ | १५.८८ | १.४११ | १८ | ६०° |
| एम १६ × १.५ | १६.०० | १.५०० | – | ६०° |

कोष्टकातील एम १४ × १.५ व ९/१६ इंच यूएनएफ या जोडीवरून फसगत कशी होते ते स्पष्ट होईल. दोहोंच्या व्यासांत केवळ ०.२९ मिमी. फरक आहे. एम १४ चा बोल्ट ९/१६ इंचाच्या छिद्रात घातल्यास प्रारंभी तो सैल जातो. परंतु दर फेऱ्यास दोन्ही अंतरालांत ०.०८९ मिमी. तफावत साठत जाते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट आवळू लागतो. हे आवळणे जोड बसल्याचे चिन्ह मानून पान्याने जोर लावला जातो. पंपाचे कवच बहुधा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे व बोल्ट पोलादाचा असल्याने कवचातील आटे कापले जातात. वरकरणी जोड घट्ट दिसतो, पण तो एक-दोन आट्यांच्या बळावर उभा असतो व एंजिनाच्या कंपाने सुटतो. काही रुपयांच्या बोल्टापायी संपूर्ण पंप निकामी होण्याची वेळ यातून येते.

गळती रोखणारी पृष्ठे : समांतर आट्यांच्या जोडांत गळती रोखण्याच्या पुढील पद्धती प्रचारात आहेत.

(१) पसरट तोंडाचा जोड : नळीचे टोक तुतारीसारखे पसरून ते नटाने शंक्वाकार बैठकीवर दाबतात. मोटारगाड्यांत ४५° व द्रवीय यंत्रणांत ३७° कोनाची बैठक सर्रास आढळते. १/४ व ५/१६ इंच बाह्य व्यासाच्या नळ्यांसाठी या दोन्ही प्रकारांत आटा एकच असतो, तो म्हणजे अनुक्रमे ७/१६ इंच (इंचाला २० आटे) व १/२ इंच (इंचाला २० आटे). त्यामुळे ४५° चे तोंड ३७° च्या बैठकीवर विनासायास आवळता येते. पण त्यांचा संपर्क केवळ एका कडेवर होतो व जोड पाझरत राहतो. अधिक आवळल्यास पसरलेले तोंड चिरते.

(२) कर्तन वलयाचा जोड : नळीवर सरकविलेले पोलादी वलय नट आवळताना २४° च्या शंकूत दाबले जाते व नळीच्या पृष्ठात रुतते. येथे नळीचा बाह्य व्यास अचूक असावा लागतो. या जोडाच्या हलक्या मालिकेत ६, ८ व १० मिमी. नळ्यांना अनुक्रमे एम १२ × १.५, एम १४ × १.५ व एम १६ × १.५ असे आटे असतात. वलय एकदा नळीत रुतले की ते दुसऱ्या नळीवर वापरता येत नाही.

(३) पोकळ बोल्टाचा जोड : कारागीर यास बँजो म्हणतात. नळीच्या टोकाला असलेले चपटे कडे पोकळ बोल्टाने दाबतात आणि कड्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक तांब्याची चकती ठेवतात. गळती रोखण्याचे काम या चकत्या करतात. एकदा दाबल्या गेलेल्या चकत्या कठीण होतात, म्हणून जोड उघडला की त्या बदलणे इष्ट असते. नवी चकती तत्काळ न मिळाल्यास जुनी चकती लाल होईपर्यंत तापवून व थंड करून पुन्हा मऊ करता येते. मात्र तिच्यावर ओरखडे असल्यास ती टाकून द्यावी लागते.

(४) उच्च दाबाच्या डीझेल नळीचा जोड : जाड भिंतीच्या पोलादी नळीचे टोक शंकूच्या आकारात ठोकून घडविलेले असते व ते पंपावरील आणि अंतःक्षेपकावरील ६०° च्या खोलगट बैठकीत बसते. येथे कोणतीही चकती किंवा लेप वापरत नाहीत. धातूवर धातू टेकून जोड बंद होतो.

एम १४ × १.५ हा एकच आटा कर्तन वलयाच्या, पोकळ बोल्टाच्या व उच्च दाबाच्या नळीच्या जोडांत आढळतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आटा तोच असूनही तिन्ही ठिकाणची बैठक निराळी असल्याने हे जोड परस्परांऐवजी वापरता येत नाहीत.

आटा ओळखणे : नळीबाहेरील आट्याचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने माथ्यावर मोजतात. झिजलेल्या आट्याचे माप ०.१ ते ०.२ मिमी. कमी भरते, हे ध्यानात ठेवावे लागते. छिद्रातील आट्याचा आतील व्यास मोजून त्यात अंतरालाच्या १.०८ पट मिळविल्यास ६०° कोनाच्या आट्याचा नाममात्र व्यास मिळतो, उदा., एम १४ × १.५ च्या छिद्राचे आतील माप सु. १२.४ मिमी., तर ९/१६ इंच यूएनएफचे सु. १२.८ मिमी. असते. अंतराल मोजण्यासाठी दातेरी पात्यांची अंतराल मापपट्टी वापरतात. योग्य पाते आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरल्यास मध्ये फट दिसत नाही. मापपट्टी नसल्यास सहा अंतरालांची एकत्र लांबी मोजतात : १.५ मिमी. अंतरालासाठी ती ९.० मिमी. भरते, तर इंचाला १८ आटे असल्यास सु. ८.५ मिमी. भरते. एकाच अंतरालावरून न कळणारा फरक असा उघड होतो. माहीत असलेला बोल्ट अज्ञात बोल्टाला आडवा भिडवून उजेडात पाहणे, ही कार्यशाळेतील सर्वांत सोपी परीक्षा होय. आटा निमुळता आहे की समांतर, हे टोकाशी व त्यापासून ८ मिमी. अंतरावर व्यास मोजून ठरविता येते. निमुळत्या आट्यात या दोन मापांत सु. ०.५ मिमी. फरक पडतो.

नळीचे माप व द्रव्य : ८ मिमी. व ५/१६ इंच (७.९४ मिमी.) या नळ्या जवळजवळ सारख्या आहेत, परंतु ६ मिमी. व १/४ इंच (६.३५ मिमी.), तसेच १० मिमी. व ३/८ इंच (९.५३ मिमी.) यांत लक्षणीय फरक आहे. पट्ट्याने आवळलेली रबरी नळी असा फरक काहीसा सांभाळून घेते, कर्तन वलय मात्र घेत नाही. वाहनाच्या सांगाड्यावरील स्थिर नळ्या साधारणतः पोलादी असतात. तांब्याची नळी वाकविण्यास सोपी असली, तरी कंपामुळे ती कठीण होऊन तडकते. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात इंधनाचे ऑक्सिडीभवन वेगाने होऊन त्यात डिंकासारखा साका बनतो. लवचिक नळीचे रबर इंधनाला टिकणारे असावे लागते. पाण्यासाठीची किंवा हवेसाठीची नळी दिसण्यात सारखी असली, तरी पेट्रोलने फुगून मऊ होते. कार्ब्युरेटरसाठी बनविलेली कमी दाबाची नळी अंतःक्षेपण पद्धतीत वापरणे धोक्याचे असते. भारतात २०२३ पासून २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले आहे. एथेनॉलाने काही जुन्या प्रकारची रबरे फुगतात वा चिरतात, म्हणून जुन्या वाहनाची नळी बदलताना एथेनॉलास टिकणारी नळी निवडणे आवश्यक ठरते.

नळी बदलण्याची रीत : प्रथम एंजिन थंड होऊ देतात, घटमालेचे ऋण टोक सोडतात व पेट्रोल अंतःक्षेपण असल्यास यंत्रणेतील दाब उतरवितात. जोडाभोवतीची धूळ पुसून मगच तो उघडतात, कारण धुळीचा एक कणही अंतःक्षेपक बिघडवू शकतो. उघडी टोके स्वच्छ बुचांनी बंद करतात. जोड सोडताना व आवळताना दोन पाने वापरतात, एक नट फिरविण्यास व दुसरा मागचा भाग स्थिर धरण्यास. अन्यथा नळी पिळली जाते. जुनी नळी नवी नळी बसेपर्यंत नमुन्यादाखल जपून ठेवणे हिताचे असते. नवा नट प्रथम पूर्ण हाताने फिरवितात. तो किमान चार-पाच फेरे हाताने सहज गेला नाही, तर आटा चुकीचा आहे किंवा नट तिरका लागला आहे असे समजून तो काढून घेतात. पान्याने बळ लावत नाहीत. अखेरचे आवळणे उत्पादकाने सांगितलेल्या परिबलाइतकेच करतात. दोन पद्धतींचे भाग जोडणे अपरिहार्य असल्यास एका टोकास मेट्रिक व दुसऱ्या टोकास इंच आटा असलेला तयार मध्यजोड वापरतात, किंवा नळीचे टोक कापून योग्य नट घालून तोंड नव्याने पसरतात. उच्च दाबाच्या डीझेल नळ्यांना हा उपाय लागू नाही. त्या कापणे, झाळणे किंवा वेड्यावाकड्या वाकविणे वर्ज्य असून त्यांची लांबी व पोकळी मूळ नळीइतकीच असावी लागते. तसे नसल्यास त्या सिलिंडरातील अंतःक्षेपणाची वेळ व इंधनाचे प्रमाण बदलते.

दोष व धोके : चुकीच्या जोडाचा परिणाम इंधनावर व नळीच्या भागावर अवलंबून असतो. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सु. ४०° से. असल्याने त्याची गळती कोणत्याही ऋतूत पेट घेऊ शकते. डीझेल त्या मानाने सुरक्षित मानले जाते; तथापि भारतीय मानकानुसार त्याचा किमान प्रज्वलनांक ३५° से. आहे आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात सावलीतील तापमानही ४०° से.च्या वर जाते. शिवाय तापलेल्या निष्कास नळावर पडलेले डीझेल ठिणगीवाचूनही पेटू शकते.

डीझेल एंजिनाच्या शोषण भागातील सदोष जोड बाहेर थेंबही गाळत नाही. तो हवा आत ओढतो. रात्रभर उभे राहिलेले वाहन सकाळी लवकर सुरू न होणे, चढावर शक्ती कमी पडणे व मध्येच बंद पडणे ही त्याची लक्षणे होत. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसविल्यास बुडबुडे दिसतात व दोष कोणत्या बाजूस आहे ते कळते. दोष दूर केल्यावर हातपंपाने इंधन खेळवून यंत्रणेतील हवा काढून टाकावी लागते.

उच्च दाबाच्या भागातील गळती हाताने चाचपणे अत्यंत धोक्याचे आहे. केसाएवढ्या फटीतून सुटणारी डीझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते व प्रारंभी फारशी दुखत नाही, परंतु आतील ऊतके नष्ट होऊन बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येऊ शकते. अशी जखम झाल्यास दुखण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे लागते. गळतीचा शोध पुठ्ठ्याच्या तुकड्याने घेतात व एंजिन बंद करून मगच नट आवळतात.

खेड्यापाड्यांतील कार्यशाळांना या कामासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. एक व्हर्निअर कॅलिपर, मेट्रिक व इंच अशा दोन अंतराल मापपट्ट्या आणि कोष्टकातील प्रत्येक आट्याचा एकेक नवा बोल्ट व नट नाव लिहून फळीवर टांगलेला, एवढ्या साधनांनी बहुतेक जोड ओळखता येतात. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला की घाई होते व हाती येईल तो नट बसविण्याचा मोह पडतो. मोजणीस लागणारा थोडा वेळ आणि कापल्या गेलेल्या आट्यांमुळे लातूर वा नांदेडहून नवा पंप येईपर्यंत जाणारे दिवस यांची तुलना केल्यास, आधी मोजून मग आवळण्याची रीत सर्वांत स्वस्त पडते असे दिसून येईल.